अर्धा, पण कशाचा?

बीजगणिताच्या पुस्तकात समीकरणांचा भाग संपतो आणि पुढच्या पानावर ‘शाब्दिक उदाहरणे’ असा मथळा येतो, तेथे पुष्कळ विद्यार्थ्यांची गाडी एकाएकी अडते. आदल्या दिवसापर्यंत जो मुलगा चिन्हे बदलून पदे इकडची तिकडे नेत होता आणि क्ष ची किंमत चुटकीसरशी काढीत होता, तोच ‘एका टोपलीतील आंब्यांपैकी एक-तृतीयांश आंबे…’ एवढे वाचून गोंधळून जातो. त्यातून उदाहरणात अपूर्णांक दोन-तीन असले म्हणजे तर विचारावयास नको. घरी गाऱ्हाणे सांगावे, तर वडील मंडळी म्हणतात, “आमच्या घराण्यात गणित कुणालाच आले नाही.” जणू काही गणित ही नाकाच्या ठेवणीसारखी वडिलांकडून मुलाकडे उतरणारी गोष्ट आहे!

माझे मत असे आहे की, अशा मुलांपैकी बहुतेकांचे गणित मुळीच कच्चे नसते. कच्चे असते ते वाचन. आकडेमोड त्यांना येते, समीकरण त्यांना सुटते. पण वाक्यातला अपूर्णांक वाचताना एक लहानसा प्रश्न स्वतःला विचारावयाचा असतो, तो विचारण्याची सवय त्यांना कोणी लावलेली नसते. तो प्रश्न म्हणजे ‘कशाचा?’ पाच म्हटले की पाच. पाच आंबे काय आणि पाच रुपये काय, मोजून दाखविता येतात. एक-तृतीयांश म्हटले की मात्र बोलणे अर्धेच झालेले असते. ज्याचा तो तिसरा हिस्सा आहे ती वस्तू समोर आल्यावाचून त्या शब्दाला काही वजन येत नाही. आपल्या गोव्यात नुसते ‘पाव’ म्हटले तर लोकांच्या डोळ्यांपुढे सायकलवरचा पोदेर उभा राहतो. ‘पाव शेर’, ‘पाव किलो’ म्हटले, म्हणजेच कशाचा ते सांगितले, की मग तो अपूर्णांक होतो.

आता पुढील दोन वाक्ये सावकाश वाचा.

‘एका संख्येच्या दोन-तृतीयांश भागातून तिचा एक-चतुर्थांश वजा केला असता १५ उरतात.’

‘एका संख्येच्या दोन-तृतीयांश भागातून त्याचा एक-चतुर्थांश वजा केला असता १५ उरतात.’

दोन्ही वाक्यांत एका शब्दाचा फरक आहे, आणि त्याही शब्दात केवळ लिंगाचा. परंतु उत्तरे भिन्न आहेत. पहिल्यात ‘तिचा’ म्हणजे संख्येचा, कारण संख्या हा शब्द स्त्रीलिंगी. म्हणून क्ष च्या दोन-तृतीयांशातून क्ष चाच चौथा हिस्सा जातो, बाकी क्ष चे पाच-द्वादशांश राहतात, आणि संख्या ३६ येते. दुसऱ्यात ‘त्याचा’ म्हणजे त्या भागाचा, कारण भाग हा शब्द पुल्लिंगी. येथे दोन-तृतीयांशातून त्या दोन-तृतीयांशाचाच चौथा हिस्सा जातो, बाकी क्ष चा अर्धा राहतो, आणि संख्या ३० येते. पडताळा पाहावयाचा असेल तर ३६ चे दोन-तृतीयांश २४, त्यातून ३६ चा चतुर्थांश ९ गेले, उरले १५. तसेच ३० चे दोन-तृतीयांश २०, त्यातून त्या २० चा चतुर्थांश ५ गेले, उरले १५. दोन्ही हिशेब बिनचूक. वाक्ये मात्र निराळी.

जो विद्यार्थी व्याकरणाच्या तासाला सर्वनाम कोणत्या नामाबद्दल आले आहे ते ओळखतो, त्याने गणिताच्या तासाला ती विद्या वर्गाबाहेर का ठेवावी, हे मला कधीच उमगलेले नाही. मराठीने आपल्या हाती ‘तिचा’ आणि ‘त्याचा’ अशा दोन वेगळ्या किल्ल्या दिल्या आहेत. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना सरसकट एकच सर्वनाम लावतात. तेथे हा भेद लिंगावरून कळत नाही, तो इतर शब्दांनी फोडून सांगावा लागतो. गोव्यात प्राथमिक शिक्षण मराठीतून घेऊन पाचवीपासून इंग्रजी माध्यमाकडे जाणारी मुले पुष्कळ आहेत. ‘कशाचा?’ हा प्रश्न त्यांच्या अंगी मातृभाषेत मुरलेला असेल, तर परक्या भाषेतील धूसर वाक्यापुढेही ती थांबतील आणि खुलासा शोधतील. मुरलेला नसेल, तर तेथे दोन्हीकडून पंचाईत.

आमची बोलीच मुळी ह्या बाबतीत मोठी चोख आहे. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी अपूर्णांकांची पाढेमाला तोंडपाठ करून घेत. त्या पाठांतराची आज थट्टा होते. ते पुन्हा जसेच्या तसे सुरू करावे असे माझेही म्हणणे नाही. पण त्या पाढ्यांनी कानाला एक वळण लावले होते. ‘पावणेतीन’ म्हणजे तिनाला पाव कमी, आणि तो पाव एकाचा. ‘पावणेतीनशे’ म्हणजेही तीनशेला पाव कमी, परंतु आता तो पाव शंभराचा, म्हणून २७५. हे बाजारात बसणाऱ्या निरक्षर बाईलाही कुणी समजावून द्यावे लागत नाही. पाव तोच, पण तो कशाचा हे शब्दाच्या शेपटावरून ती ओळखते. शाळेत शिकलेल्या मुलाला तेच वहीवर उमजत नाही, कारण वहीवर आल्यावर शब्द संपले आणि आकडे सुरू झाले असे तो धरून चालतो.

ह्या एका प्रश्नाचे महत्त्व आपल्या पूर्वजांनी चांगले ओळखले होते. भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा ग्रंथ शके १०७२ चा, म्हणजे इसवी सन ११५० चा. आचार्य सह्याद्रीच्या आश्रयाने राहणारे, आणि त्यांचे वय तेव्हा अवघे छत्तीस. लीलावतीत अज्ञात राशी काढण्याची जी उदाहरणे आहेत, त्यांत एका ठिकाणी कमळांची रास आहे. तिचा तिसरा हिस्सा शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला वाहिला. उरलेली सहा कमळे गुरूंच्या चरणी ठेविली. तर कमळे एकूण किती? येथे प्रत्येक हिस्सा संपूर्ण राशीचा आहे. आचार्यांची रीत अशी की, सोयीची एक संख्या धरावी. तिला ते ‘इष्ट’ म्हणतात. ६० धरली, तर २०, १२, १० आणि १५ अशी ५७ कमळे गेली, उरली ३. पण उरावयास हवीत ६, म्हणजे दुप्पट. तेव्हा रासही दुप्पट, १२०.

त्याच प्रकरणात एक यात्रेकरू आहे. त्याने जवळच्या द्रव्याचा अर्धा भाग प्रयागास दिला, उरलेल्याचे दोन-नवमांश काशीस दिले, पुन्हा जे उरले त्याचा चतुर्थांश वाटेतल्या जकातीत गेला, आणि त्यातूनही जे उरले त्याचे सहा-दशांश गयेस वेचले. तो घरी परतला तेव्हा ६३ निष्क शिल्लक होते. येथे प्रत्येक हिस्सा बाकीचा आहे. अर्ध्याचे सात-नवमांश, त्याचे तीन-चतुर्थांश, आणि त्याचे चार-दशांश, असे करीत गेले की मूळ द्रव्याचे सात-साठांश उरतात. ते जर ६३, तर मूळ द्रव्य ५४० निष्क. कमळांच्या प्रकाराला ‘दृश्यजाति’ आणि यात्रेकरूच्या प्रकाराला ‘शेषजाति’ अशी निराळी नावे आहेत. आकडेमोड दोहोंत सारखीच, भेद केवळ ‘कशाचा?’ ह्या प्रश्नाच्या उत्तरात; आणि तेवढ्यासाठी दोन वेगळ्या जाती मानल्या!

यात्रेकरूचे उदाहरण कमळांच्या उदाहरणासारखे वाचले तर काय होते, तेही पाहण्याजोगे आहे. सारे हिस्से मूळ द्रव्याचे धरावे, तर अर्धा, दोन-नवमांश आणि चतुर्थांश जाऊन गयेस पोहोचेतो त्या बापड्याजवळ मूळ द्रव्याचा केवळ छत्तिसावा हिस्सा राहील, आणि तेथे तर त्याला अर्ध्याहून अधिक द्यावयाचे आहे! तीर्थयात्रा कर्ज काढून पुरी करावी लागेल. असे विचित्र उत्तर समोर आले की, गणित चुकले असे न म्हणता ‘मी वाचले काय?’ असे विचारावे. बहुतेक वेळा दोष तेथे सापडतो.

आचार्यांना विनोदाचेही वावडे नव्हते. एका कृपणाने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन-तृतीयांशाच्या तीन-चतुर्थांशाच्या पंचमांशाच्या षोडशांशाचा चतुर्थांश दिला. तर त्याने किती कवड्या दिल्या, असे ते विचारतात. गुणाकार करावा तो एक भागिले १२८०. आणि त्या काळी द्रम्माच्या कवड्या १२८०. म्हणजे एवढे लांबलचक दानपत्र वाचून याचकाच्या हाती पडली एक कवडी! ‘च्या’ प्रत्ययांची ती माळ ज्याने एकदा नीट वाचली, त्याला भागाचा भाग म्हणजे काय हे जन्मात पुन्हा सांगावे लागणार नाही.

येथे थोडे विषयांतर करितो, पण ते मोरजीच्या वाचकांना गोड वाटेल. चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव ह्याने तेथे मठ स्थापिला, त्याची ही नोंद. तीत आचार्यांची वंशावळीही दिलेली आहे. हा लेख विद्वानांच्या नजरेस आणून १८६५ साली त्याविषयी लिहिणारे गृहस्थ म्हणजे मुंबईचे प्रसिद्ध डॉक्टर भाऊ दाजी लाड. आणि त्यांचे जन्मगाव आपल्या शेजारचे मांद्रे. तसेच लीलावतीवर १५४५ साली ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिणारे गणेश दैवज्ञ हे कोकणच्या किनाऱ्यावरील नांदगावचे. तेव्हा लीलावती ही कुणा दूरदेशीच्या पंडितांची मिरास, असे समुद्रकाठच्या मुलांनी मानण्याचे कारण नाही.

असो. कोणी म्हणेल, कमळे आणि निष्क हे सारे ठीक आहे. व्यवहारात अशी कोडी पडतात कुणाला? ह्या आक्षेपात थोडे तथ्य आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांतील काही उदाहरणे खरोखरच हास्यास्पद असतात. ‘बापाचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट होते तेव्हा…’ असे वय काढीत बसणारा मनुष्य मी तरी पाहिलेला नाही. जन्मदाखला काढून पाहणे सोपे. पण अपूर्णांकांच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही, आणि गोव्यात तर मुळीच टिकत नाही. कारण येथे घरोघर एक असे उदाहरण आहे, की ज्यात ‘कशाचा?’ हे न विचारणाऱ्याची फसगत व्हावी.

१८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा गोव्यात मुक्तीनंतरही चालू राहिली. तिच्यातील वारसाहक्काच्या नियमांच्या जागी आता गोव्याचा २०१२ चा अधिनियम आहे, आणि तो २०१६ पासून अंमलात आहे. विवाहापूर्वी निराळा करार केलेला नसेल, तर सामान्यतः पतिपत्नींची मालमत्ता सामाईक समजली जाते. दोघांपैकी एकजण वारला, तर त्या मालमत्तेचा अर्धा भाग मागे राहिलेल्या जोडीदाराचाच असतो. तो वारशात येतच नाही. राहिला मृताचा अर्धा. मुले असतील, तर त्या अर्ध्याचाही अर्धाच भाग त्याला मृत्युपत्राने आपल्या इच्छेप्रमाणे देता येतो. उरलेला अर्धा मुलांसाठी राखून ठेवलेला असतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. म्हणजे ‘अर्धा’ हा एकच शब्द येथे दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा.

आता उदाहरण घालू. एक गृहस्थ वारले. मृत्युपत्राने देता येत होते तेवढे सारे त्यांनी गावच्या वाचनालयास दिले. राखीव भाग दोन मुलगे आणि एक मुलगी ह्यांच्यात समान वाटला गेला, आणि प्रत्येकाच्या वाट्यास ३ लाख रुपये आले. तर पतिपत्नींची मिळून मालमत्ता किती? सारी मालमत्ता क्ष मानू. पत्नीचा क्ष चा अर्धा. राहिलेल्या अर्ध्याचा अर्धा, म्हणजे क्ष चा चौथा हिस्सा, वाचनालयाचा. उरलेला चौथा हिस्सा तिघांत वाटला, तेव्हा प्रत्येकास क्ष चा बारावा हिस्सा. बारावा हिस्सा ३ लाख, म्हणून क्ष ३६ लाख. पत्नीचे १८, वाचनालयाचे ९ आणि मुलांचे ९; मेळ बसला. हेच ‘अर्धा पत्नीला, अर्धा वाचनालयाला’ असे घाईने वाचले, तर मुलांच्या हाती धुपाटणे येते. आणि कोणी ‘वडिलांना अर्धी इस्टेट देता येते’ एवढे अर्धवट ऐकून मनाशी १८ लाख धरून बसला, तर भावाभावांत अबोला धरायला तेवढे पुरते. वकिलाकडे जाण्याच्या आधी घरात कागदावर चार ओळी मांडता आल्या, तर कित्येक कुटुंबांचा मनस्ताप वाचेल.

रापणीच्या मासळीचेही तेच. जाळे-होडीचा वाटा किती आणि ओढणाऱ्यांचा किती, ह्याचा रिवाज ठिकठिकाणी निराळा असतो. पण समजा वाटा एक-तृतीयांश ठरला, मासळीचे आले ६००० रुपये, आणि खर्च झाला १२००. तर हा तृतीयांश सगळ्या विक्रीचा की खर्च वजा जाता उरलेल्याचा? एकात २००० होतात, दुसऱ्यात १६००. वाळूवर चारशे रुपयांचा तंटा उभा राहतो तो अपूर्णांकामुळे नव्हे, ठरवितेवेळी ‘कशाचा?’ हे कोणी उच्चारले नाही म्हणून. दुकानदाराला हे चांगले ठाऊक असते. ‘पन्नास टक्के सूट आणि त्यावर आणखी वीस टक्के’ अशी पाटी तो लावतो, तेव्हा गिऱ्हाईक मनात सत्तर धरते. हजाराची वस्तू प्रत्यक्षात ४०० ला मिळते, म्हणजे सूट साठच. आणि भाव एका पावाने चढून पुन्हा एका पावाने उतरला, तर तो जागच्या जागी आला असे मानणाऱ्याने ८० रुपयांवर हिशेब करून पाहावा. ८० चे १०० होतात, आणि १०० चे ७५.

तरीही वर्गात हा प्रश्न ऐकू येत नाही. ऐकू येतात त्या युक्त्या. ‘पैकी’ दिसले की गुणा, ‘उरले’ दिसले की वजा करा, ‘एकूण’ दिसले की मिळवा. मार्गदर्शिका आणि शिकवण्यांतून असे तोडगे सर्रास वाटले जातात. परीक्षेत वेळ थोडा असतो आणि अशा तोडग्यांनी काही गुण पदरात पडतात, हे त्यांच्या बाजूने सांगण्यात येते, आणि ते अगदीच खोटे नाही. परंतु पुढील उदाहरण घ्या. ‘एका मनुष्याने जवळच्या रकमेचा एक-पंचमांश खर्च केला, उरलेल्या रकमेतून ६० रुपये मित्राला दिले, तेव्हा त्याच्याजवळ मूळच्या निम्मी रक्कम उरली.’ येथे ‘उरलेल्या’ हा शब्द आहे, ‘उरली’ हाही आहे; पण त्या उरलेल्याचा कसलाही भाग घ्यावयाचा नाही, आणि शेवटचा निम्मा तर ‘मूळच्या’ रकमेचा. तोडगेवाला येथे हमखास घसरतो. वाचणारा मांडतो: क्ष मधून क्ष चा पाचवा हिस्सा गेला, आणखी ६० गेले, राहिला क्ष चा अर्धा. म्हणजे क्ष चे तीन-दशांश बरोबर ६०, आणि क्ष बरोबर २००. शब्दावर झडप घालणे म्हणजे वाचणे नव्हे. त्या युक्त्यांनी मिळणारे गुण उसने असतात, आणि उदाहरणाचे तोंड जरा फिरले की ते व्याजासह परत द्यावे लागतात.

माझी शिक्षकबंधूंना सूचना अशी आहे की, उदाहरण सोडविण्यापूर्वी मुलाने ते आकड्यांवाचून आपल्या शब्दांत सांगावे. ‘एकाने आपल्याजवळचे थोडे देवळात दिले, मग जे राहिले त्यातले थोडे बाजारात गेले’ एवढे ज्याला सांगता आले, त्याचे निम्मे काम झाले. (निम्मे कशाचे, हे चाणाक्ष वाचक विचारीलच!) त्यानंतर समीकरणाच्या आधी त्याने एक पूर्ण वाक्य लिहावे: ‘क्ष म्हणजे अमुक.’ ‘क्ष म्हणजे आंबे’ हे चालू नये. ‘क्ष म्हणजे आरंभी टोपलीत असलेल्या आंब्यांची संख्या’ असे हवे. ह्या वाक्यास परीक्षकांनी स्वतंत्र गुण ठेवावेत, मग पुढची आकडेमोड चुकली तरी हरकत नाही. आपल्या जुन्या बीजगणितात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे ‘जितके असेल तितके’, आणि लिहिताना तिचे आद्याक्षर ‘या’ लिहीत. क्ष हे अक्षर सुटसुटीत खरे. पण ‘जितके असेल तितके’ म्हटल्यावर ‘काय जितके?’ असा प्रश्न आपोआप उठत असे, तो क्ष ने उठत नाही.

क्ष कशाला म्हणावयाचे हे ठरविल्यावाचून काय घडते, ते अज्ञात अपूर्णांकाच्या उदाहरणांत सर्वांत स्पष्ट दिसते. ‘एका अपूर्णांकाचा छेद अंशापेक्षा ५ ने अधिक आहे. अंश आणि छेद ह्यांत प्रत्येकी १ मिळविल्यास त्याची किंमत एक-द्वितीयांश होते. तर तो अपूर्णांक कोणता?’ विचारला आहे अपूर्णांक, म्हणून बहुतेक मुले अपूर्णांकालाच क्ष मानतात, आणि मग अडून बसतात. कारण क्ष च्या पोटात शिरून त्याच्या अंशात एक मिळविण्याची सोयच राहत नाही. क्ष मानावयाचा तो अंश. मग छेद क्ष अधिक ५. प्रत्येकी १ मिळवून क्ष अधिक १, आणि त्याखाली क्ष अधिक ६. ह्याची किंमत एक-द्वितीयांश. येथे दुसरा खड्डा आहे. एक-द्वितीयांशाचा अंश १ आहे म्हणून ‘क्ष अधिक १ बरोबर १’ असे लिहिणारे विद्यार्थी थोडेथोडके नाहीत. किंमत एक-द्वितीयांश असणे म्हणजे अंश १ असणे नव्हे. अंश छेदाच्या निम्मा असणे. छेद अंशाच्या दुप्पट, एवढेच त्या वाक्याचे म्हणणे. तेव्हा २ क्ष अधिक २ बरोबर क्ष अधिक ६, क्ष बरोबर ४, आणि अपूर्णांक चार-नवमांश. प्रत्येकी १ मिळविल्यास पाच-दशांश होतो, म्हणजे अर्धा. पडताळा नेहमी मूळ वाक्यात घालून पाहावा, समीकरणात नव्हे. समीकरणच चुकीचे मांडलेले असेल, तर उत्तर त्यात सुखाने बसेल आणि तरीही खोटे असेल.

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधील ऱ्हिंड पपायरसावरही अशी उदाहरणे आहेत. एक राशी आणि तिचा सप्तमांश मिळून १९ होतात. ते लेखक ७ धरून पाहतात, ८ मिळतात, आणि मग त्या प्रमाणात मूळ राशी काढतात. आमच्या इष्टकर्माचीच ती बहीण. म्हणून ज्यांना क्ष ची धास्ती वाटते त्यांनी आधी असे एखादे इष्ट धरून पाहण्यास हरकत नाही. संख्या धरताच ‘कशाचा?’ ह्याचे उत्तर द्यावेच लागते. आकडा हातात असल्यावर त्याचा पाचवा हिस्सा की बाकीचा पाचवा हिस्सा, हे ठरविल्यावाचून पुढे पाऊल पडत नाही. शाळांतून क्ष च्या आधी ही रीत शिकवावी असे मला मनापासून वाटते.

आता मोरजीच्या मुलांसाठी त्यांच्याच किनाऱ्यावरचे एक उदाहरण देतो. टेंबच्या वाळूत थंडीच्या दिवसांत सागरी कासवे अंडी घालण्यास येतात आणि वन खात्याची माणसे त्या घरट्यांना कुंपण घालून राखण करितात, हे तुम्ही पाहिलेच असेल. एका घरट्यात साधारण शंभराच्या आसपास अंडी असतात. समजा, एका घरट्यातील अंड्यांपैकी एक-अष्टमांश उबलीच नाहीत. जी पिल्ले बाहेर आली त्यांपैकी एक-सप्तमांश खेकड्यांनी आणि कावळ्यांनी पळविली. जी वाचली त्यांपैकी एक-षष्ठांश किनाऱ्यावरच्या दिव्यांना भुलून उलट दिशेने गेली. राहिलेली ७५ पिल्ले समुद्राला मिळाली. तर त्या घरट्यात अंडी किती होती?

तिन्ही हिस्से एकूण अंड्यांचे धरून जो मांडील, त्याला शेवटी अंड्याचा एक तुकडा हाती लागेल, आणि कासवीण काही तुकडे घालीत नाही. ज्याचे उत्तर पूर्ण येईल, त्याने प्रत्येक टप्प्यावर किती गेली तेही वेगळे काढून पाहावे. आठवा, सातवा आणि सहावा असे तीन वेगळे हिस्से गेले, आणि तरी तेथे एक गंमत दडलेली आहे. ती येथे सांगत नाही.